इंजिन आणि चाक यांच्यामधली जागा

आपल्याकडे मोटारीविषयीची चर्चा एका प्रश्नापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते : 'ॲव्हरेज किती देते?' एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, याला मराठी माणसाने 'ॲव्हरेज' हे नाव कधी दिले कोण जाणे. पण ते इतके रुजले आहे की आता त्याला पर्याय नाही. गेल्या तीन-चार वर्षांत या प्रश्नाला हायब्रिड गाड्यांनी २७-२८ असे उत्तर द्यायला सुरुवात केली आणि चर्चेचा सूरच बदलला. मात्र हायब्रिड हा एकच प्रकार आहे, आणि कंपन्यांमधला फरक फक्त आकड्यांचा आहे, असा समज त्याबरोबर पसरला. मी अनेक वर्षे यंत्र अभियांत्रिकी शिकवली. वर्गात मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगत असे : या गाडीत इंजिन आणि चाक यांच्यामध्ये काय आहे, आणि ते एकमेकांना कधी भेटतात? या लेखात मी तोच प्रश्न निरनिराळ्या कंपन्यांना विचारणार आहे. त्याच्या उत्तरांत त्या त्या कंपनीचा स्वभाव दिसतो. आणि आपली जाहिरात, आपली चाचणी आणि आपला कर या तिन्ही गोष्टी त्या स्वभावाकडे कसे दुर्लक्ष करतात, हेही दिसते.

इंजिनाचे जुने दुखणे

पेट्रोल इंजिनाला जोरात काम करायला आवडते. त्याच्यावर बऱ्यापैकी भार असेल आणि फेरे मध्यम असतील, तेव्हा ते इंधनाचा सर्वांत चांगला उपयोग करते. शहरातल्या गाडीला मात्र बहुतेक वेळ फार थोडी शक्ती लागते. शक्ती कमी करायची म्हणजे थ्रॉटल जवळजवळ बंद करायचा, म्हणजे इंजिनाने अरुंद फटीतून हवा ओढत बसायचे. या ओढाताणीत इंधन वाया जाते. सिग्नलला उभ्या गाडीत तर सगळेच वाया जाते. हायब्रिडचे सगळे तर्कशास्त्र इथून सुरू होते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळवणे हा त्याचा दृश्य भाग. इंजिनाला नावडत्या कामातून सोडवणे हा कमी दिसणारा, पण महत्त्वाचा भाग.

या दुखण्यावर इंजिनाच्या आतूनही इलाज झाले आहेत, ते आधी पाहू. माझ्दाने २०११ च्या सुमारास स्कायॲक्टिव्ह-जी इंजिनात दाबाचे गुणोत्तर १४:१ पर्यंत नेले. पेट्रोल इंजिनासाठी हे धाडस होते, कारण इतक्या दाबात पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ठोकू लागते. २०१९ मध्ये त्याच कंपनीने स्कायॲक्टिव्ह-एक्स आणले. त्यात ठिणगीच्या मदतीने दाब वाढवून पातळ मिश्रण जवळजवळ डिझेलसारखे पेटवले जाते. फोक्सवॅगनचा इलाज वेगळा. चाकणला तयार होणाऱ्या टायगुन आणि कुशाक या गाड्यांच्या दीड लिटर टर्बो इंजिनात भार कमी असला की चारपैकी दोन सिलिंडर झोपी जातात, म्हणजे उरलेल्या दोघांना त्यांच्या आवडीचे जड काम मिळते. हे दोन्ही इलाज हुशारीचे आहेत. पण उभ्या गाडीत आणि ब्रेकच्या क्षणी ते काही करू शकत नाहीत. म्हणूनच की काय, इंजिनावर इतका विश्वास ठेवणाऱ्या माझ्दानेही २०१३ मध्ये जपानमधल्या ॲक्सेला हायब्रिडसाठी स्वतःच्या इंजिनाला टोयोटाची हायब्रिड यंत्रणा जोडली.

टोयोटा : कधीही न सोडणारा हात

कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास इंजिनाने वीज तयार करून चाकातल्या मोटरींना पुरवणारी गाडी बांधली होती. पण इंजिन आणि मोटर यांची विक्रीयोग्य सांगड टोयोटाने घातली. ताकेशी उचियामादा यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. त्याच महिन्यात क्योतो इथे हवामानाविषयीची परिषद भरली होती.

तिच्या मध्यभागी ग्रहमालेसारखा दंतचक्रांचा एक संच आहे. मधोमध ३० दातांचे सूर्यचक्र, बाहेर ७८ दातांचे कंकण, आणि दोघांमध्ये फिरणारी ग्रहचक्रे. इंजिन ग्रहचक्रांच्या चौकटीला जोडलेले, जनित्र सूर्याला, आणि मोटर व चाके कंकणाला. दातांच्या या हिशेबामुळे इंजिनाचा टॉर्क नेहमी ठरावीक प्रमाणात वाटला जातो : १०८ पैकी ७८ भाग, म्हणजे सुमारे ७२ टक्के, सरळ चाकांकडे, उरलेले २८ टक्के जनित्राकडे. टॉर्कची वाटणी पक्की असली तरी वेग मोकळे आहेत. जनित्र किती वेगाने फिरवायचे ते संगणक ठरवतो, आणि त्यावरून इंजिनाचे फेरे ठरतात. गाडीचा वेग आणि इंजिनाचे फेरे यांची जन्मगाठ इथे सुटली. क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत, वेगळा स्टार्टर नाही. इंजिन सुरू करायचे कामही जनित्रच करते.

इंजिन असे मोकळे झाल्यावर त्याला स्वतःचा स्वभावही बदलता आला. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० च्या दशकात प्रसरणाचा टप्पा दाबाच्या टप्प्यापेक्षा लांब ठेवणारे इंजिन बांधले होते. प्रियसमध्ये तोच परिणाम झडप उशिरा बंद करून साधला आहे : आत घेतलेल्या हवेतली काही परत बाहेर ढकलायची, कमी हवा दाबायची, पण प्रसरण पूर्ण होऊ द्यायचे. इंधन वाचते, पण त्याच आकाराच्या इंजिनाची ताकद घटते. ती उणीव मोटर भरून काढते. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा या भावंडांतले १,४९० सीसीचे इंजिन एकटे जेमतेम ९२ पीएस देते. मोटरसह गाडीची एकूण शक्ती सुमारे ११६ पीएस होते. म्हणजे मोटर आल्यामुळे इंजिनाला अशक्त राहण्याची मुभा मिळाली. हे नाते एकदा ध्यानात आले की अर्धे कोडे सुटते.

या रचनेला किंमतही आहे. हात कधी सुटत नसल्यामुळे इंजिन बंद असताना गाडी पळाली की जनित्र उलटे फिरते, आणि तेही कंकणाच्या २.६ पट वेगाने. म्हणून दुसऱ्या पिढीच्या प्रियसला ताशी सुमारे ६७ किलोमीटरच्या पुढे इंजिन फिरते ठेवावेच लागे. जोरात पॅडल दाबले की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो, ही तक्रारही याच रचनेतून येते. तरीही कमी भागांत इतके साधणारी दुसरी रचना मला माहीत नाही. २०१९ मध्ये टोयोटाने विद्युतीकरणाशी संबंधित आपली सुमारे २३,७४० पेटंटे स्वामित्वशुल्काशिवाय खुली केली. तोवर बाकीच्या बहुतेकांनी आपापल्या वाटा शोधल्या होत्या.

बाकीच्यांची उत्तरे

होंडाने सुरुवातीला सोपी वाट धरली. १९९९ च्या इनसाइटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सुमारे १० किलोवॅटची बारीक मोटर बसवली होती. ती इंजिनाला हातभार लावी, त्याला बाजूला सारत नसे. या यंत्रणेची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये भारतातही आली आणि महाग ठरली. पुढे होंडाने ती रचना सोडली. आजच्या सिटी ई:एचईव्हीमध्ये दोन मोटरी आहेत. शहरात इंजिन फक्त जनित्र फिरवते आणि चाके मोटर ओढते. महामार्गावर वेग स्थिर झाला की एक क्लच बंद होतो आणि इंजिन एकाच ठरावीक गुणोत्तराने थेट चाकाला जोडले जाते. टोयोटाचे इंजिन कायम चाकाच्या संसारात असते. होंडाचे इंजिन परवडेल तेव्हाच घरी येते. मला ही रचना समजावून सांगायला सर्वांत सोपी वाटते, आणि अभियांत्रिकीत हा लहान गुण नव्हे.

निसानने क्लचही काढून टाकला. २०१६ मध्ये जपानमध्ये आलेल्या नोट ई-पॉवरमध्ये इंजिन चाकाला कधीच जोडले जात नाही. चालवणाऱ्याला ती विजेच्या गाडीसारखी वाटते, आणि लोकांना ते आवडले : २०१८ मध्ये छोट्या 'केई' मोटारी वगळता ती जपानमधली सर्वाधिक खपाची गाडी होती. पण महामार्गावर हिशेब बदलतो. जनित्र, इन्व्हर्टर आणि मोटर या तीन टप्प्यांपैकी प्रत्येकाची कार्यक्षमता ९५ टक्के धरली, तरी शेवटी ८६ टक्क्यांच्या आतच उरते. साध्या दंतचक्राने थेट जोडले असते तर याहून बरेच अधिक पोचले असते. होंडाचा तो एक क्लच नेमका इथे कामी येतो.

ह्युंदाईने गिअरबॉक्स तसाच ठेवून मोटर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घातली, आणि इंजिन वेगळे करता यावे म्हणून क्लच दिला. चालकाची सवय मोडत नाही, जुना गिअरबॉक्सही वाया जात नाही. रेनोने उलट गिअरबॉक्समधून क्लच आणि सिंक्रोनायझर दोन्ही काढले. तिथे गिअर जुळवताना वेग समान करण्याचे काम एक छोटी मोटर करते. या रचनेचा पहिला नमुना त्यांच्या अभियंत्याने लेगोच्या तुकड्यांतून बांधला होता.

चीनच्या बीवायडीने २०२१ मध्ये डीएम-आय आणले. रचना होंडाच्याच कुळातली, पण बॅटरी मोठी आणि बाहेरून चार्ज होणारी. सोबतच्या दीड लिटर इंजिनासाठी १५.५:१ दाब आणि ४३ टक्के औष्णिक कार्यक्षमता सांगितली गेली. २०२४ च्या पिढीत हा दावा ४६.०६ टक्क्यांवर गेला. टोयोटाची अलीकडची हायब्रिड इंजिने ४१ टक्के सांगतात. पण असा प्रत्येक आकडा इंजिनाच्या सर्वोत्तम बिंदूवरचा असतो. गवयाची सर्वांत उंच तान मोजून मैफलीचा निकाल लावता येत नाही. इंजिन त्या बिंदूजवळ किती वेळ राहते हे महत्त्वाचे, आणि ते पुन्हा इंजिन व चाक यांच्यामधल्या जागेवरच ठरते.

शब्दांचा घोळ

आता टीकेचा मुख्य मुद्दा. या रचनांमधला फरक ग्राहकापर्यंत पोचत नाही, कारण त्यांची नावे तो पुसून टाकतात.

'ई-सीव्हीटी' हा शब्द घ्या. सीव्हीटी म्हणजे पट्टा आणि रुंदी बदलणाऱ्या पुल्या यांचा गिअरबॉक्स. टोयोटाच्या रचनेत पट्टाही नाही आणि पुलीही नाही. होंडाच्या रचनेत बदलणारे गुणोत्तरच नाही. तरी दोघांच्याही माहितीपत्रकात ई-सीव्हीटी लिहिलेले असते. दोन वेगळ्या यंत्रांना एकच नाव, आणि ते नावही तिसऱ्याच यंत्राचे. पट्टा कधी बदलावा लागेल, असे विचारणारे ग्राहक मला भेटले आहेत. त्यांचा दोष नाही.

'हायब्रिड' या शब्दाची तर सर्वांत जास्त ओढाताण झाली. पट्ट्याने इंजिनाला जोडलेला थोडा मोठा जनित्र-स्टार्टर बसवून २०१५ पासून मारुतीने सियाझसारख्या गाड्यांना 'स्मार्ट हायब्रिड' म्हटले. अशी गाडी केवळ विजेवर एक मीटरही जात नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार. तरी केंद्राच्या फेम योजनेतले अनुदान या गाड्यांना मिळत होते. २०१७ मध्ये ते थांबले. मग खऱ्या हायब्रिडला वेगळे ओळखायचे कसे, म्हणून 'स्ट्राँग' हे विशेषण लावावे लागले. एक शब्द पातळ केला की दुसरा घट्ट करावा लागतो.

तिसरा शब्द 'सेल्फ-चार्जिंग'. गाडी स्वतःच चार्ज होते, हे वाक्य अक्षरशः खोटे नाही, पण दिशाभूल करणारे आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? प्लग नसलेल्या हायब्रिडमधली प्रत्येक युनिट वीज शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच येते. ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जाही आधी पेट्रोलनेच दिलेली असते. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२० मध्ये याच कारणासाठी टोयोटा-लेक्ससची अशी जाहिरात अडवली. आपल्याकडे ती बिनदिक्कत चालते. तसाच दावा ६० टक्के वेळ गाडी इंजिनाविना असते हा. इंजिन बंद असलेला वेळ खरा असेलही, पण त्यात सिग्नलला उभे राहणेही येते. वेळेचे टक्के आणि पेट्रोलच्या बचतीचे टक्के या दोन वेगळ्या राशी आहेत.

आकड्यांचा घोळ

'ॲव्हरेज' या मोजमापातच एक फसगत आहे. कंपन्यांनीच जाहीर केलेले आकडे घेऊ. ग्रँड व्हिटाराचा साधा मॅन्युअल प्रकार लिटरला २१.११ किलोमीटर देतो, हायब्रिड २७.९७. फरक ६.८६. इनोव्हा हायक्रॉसचा साधा प्रकार १६.१३ देतो, हायब्रिड २३.२४. फरक ७.११. दोन्ही फरक जवळजवळ सारखे दिसतात. आता हिशेब उलटा करा. दर १०० किलोमीटरला ग्रँड व्हिटारा हायब्रिड सुमारे १.१६ लिटर वाचवते, हायक्रॉस १.९० लिटर. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत एकीकडे ११६ लिटर, दुसरीकडे १९० लिटर. जड आणि जास्त पिणाऱ्या गाडीला हायब्रिड करण्यात देशाचे पेट्रोल जास्त वाचते. आधीच काटकसरी असलेल्या गाडीत कमी. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असे मोजतात, त्यामुळे ही गोष्ट उघड दिसते. आपल्या मोजमापात ती झाकली जाते.

दुसरा प्रश्न चाचणीचा. भारतीय चाचणीचे चक्र ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, आणि त्यात थांबत-चालत जाण्याचा वाटा मोठा आहे. हायब्रिडची खरी कमाई तिथेच असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर स्थिर वेगाने जाताना ब्रेकमधून परत मिळवण्यासारखे फारसे नसते. घाटाचेही गणित पाहा. माणसांसह १,६०० किलोची गाडी बोरघाटात सुमारे ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सव्वादोन युनिटांच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. त्यातली जवळजवळ अर्धी हवा आणि टायर खातात असे धरले, तरी एक युनिटाहून अधिक उरते. ग्रँड व्हिटारा हायब्रिडची बॅटरी ०.७६ युनिटांची, आणि तीही पूर्ण रिकामी वा पूर्ण भरलेली ठेवत नाहीत. म्हणजे खोपोली येण्याआधीच बॅटरी भरते आणि पुढची ऊर्जा इंजिन रिकामे फिरवण्यात जिरवावी लागते. हा दोष नव्हे, छोट्या बॅटरीची मर्यादा आहे. पण माहितीपत्रकात तिचा उल्लेख नसतो.

चार्ज होणाऱ्या मोठ्या बॅटरीने हे सुटते का? तिथे माणूस आडवा येतो. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष गाड्यांमधली माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचे रस्त्यावरचे उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीनपट निघाले. प्लग लावायची आठवण ठेवणे हे कोणत्याही चाचणीत मोजले जात नाही.

कराची पट्टी

इथपर्यंतचा गोंधळ ग्राहकाच्या खिशापुरता होता. कराचा गोंधळ सगळ्यांच्या हवेचा आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा बहुतेक हायब्रिडांवर २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर असा ४३ टक्के भार पडला. विजेच्या गाड्यांचा कर २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत पेट्रोल हायब्रिडला साध्या पेट्रोल गाडीचीच पट्टी लावली : १,२०० सीसीपर्यंतचे इंजिन आणि ४ मीटरपर्यंतची लांबी असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के.

खरे घोडे इथे पेंड खाते. ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन मुद्दाम मोठ्या आकाराचे आणि कमी ताकदीचे असते, हे वर पाहिले. १,१९९ सीसीचे टर्बो इंजिन असलेली नेक्सॉन १२० पीएस देते. हायरायडरचे १,४९० सीसीचे इंजिन ९२ पीएस. सीसी मोजणारा कर पहिल्याला लहान म्हणतो, दुसऱ्याला मोठे. हायरायडर चार मीटरहून लांब असल्याने तशीही वरच्या पट्टीत गेली असती, हे खरे. पण उद्या कोणी चार मीटरच्या आतली हायब्रिड करू म्हटले, तर त्याला इंजिन १,२०० सीसीत कोंबावे लागेल. आकार मोजणारा कर काटकसरीलाच दंड करतो. दर १०० किलोमीटरला लागणारे इंधन मोजून कर लावला, तर हायब्रिडला वेगळी सवलत मागायची गरज उरणार नाही. आणि नावापुरत्या हायब्रिडला ती मिळणारही नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो : हायब्रिडमध्ये इंजिन टिकते, म्हणून पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण इथले सुटे भाग करणारे कारखाने टिकतील. यात अर्धेच सत्य आहे. पिस्टन, झडपा, क्रँकशाफ्ट राहतील. पण टोयोटाच्या रचनेत क्लच नाही, सिंक्रोनायझर नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. क्लचप्लेट करणाऱ्या कारखानदाराला हायब्रिड आणि विजेची गाडी सारखीच. ह्युंदाईची वाट धरली तर गिअरबॉक्स वाचतो, निसानची धरली तर जातो. गॅरेजवाल्यासमोरही तोच प्रश्न आहे. नारिंगी वेष्टनाच्या, शेकडो व्होल्ट वाहणाऱ्या तारांना प्रशिक्षणाशिवाय हात लावता येत नाही, आणि ते प्रशिक्षण अजून नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत पोचलेले नाही. कोणाचे काम जाणार आणि कोणाचे राहणार हे 'हायब्रिड' या शब्दावरून कळत नाही, रचनेवरून कळते.

माझा कौल

शहरात रोज तासन्‌तास चालणाऱ्या जड गाडीसाठी, विशेषतः प्रवासी टॅक्सीसाठी, टोयोटा आणि होंडा यांच्या रचना आज सर्वांत उपयुक्त आहेत. त्यांत टोयोटाची अधिक बांधेसूद, होंडाची अधिक सुबोध. निसानची रचना शहराची. लांबच्या प्रवासाला ती महाग पडते. मोठ्या बॅटरीची गाडी रोज प्लग लावणाऱ्यालाच साजते. महिन्याला दोन-तीनशे किलोमीटर चालवणाऱ्याने यांपैकी काहीच घेऊ नये. वाचलेल्या पेट्रोलमधून जास्तीची किंमत वसूल व्हायला त्याला गाडीचे आयुष्य पुरणार नाही. आणि पट्ट्यावरच्या जनित्राला हायब्रिड म्हणणे थांबले पाहिजे.

त्यापुढे तीन साध्या मागण्या आहेत. माहितीपत्रकात १०० किलोमीटरला लागणारे लिटर छापावेत. शहर आणि महामार्ग यांचे आकडे वेगळे द्यावेत. आणि इंजिन चाकाला कधी जोडले जाते, हे एका वाक्यात सांगावे. शोरूममधल्या विक्रेत्याला हे तिसरे विचारून पाहा. त्याला उत्तर येत नसेल, तर त्याच्या कंपनीने ते त्याला शिकवणे गरजेचे मानलेले नाही, एवढे तरी कळेल.